पहाऱ्यात न आलेला रंग

सासू सुनेची बाजू घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच भाऊजींना हे प्रकरण जगावेगळं वाटलं.

भाऊजी म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. थोरला भाऊ गेल्यावर ते वहिनींच्या घरी राहायला आले. वहिनींनी सारी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात घालवली होती, आणि आता तेच काम त्या खासगीत करत. घरात वाटणी ठरलेली होती. डोकं वहिनींनी चालवायचं आणि भांडी भाऊजींनी घासायची. भाऊजींना हा सौदा परवडला होता.

सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

"माझी सून आळशी आहे," त्या म्हणाल्या. "भांडखोर आहे. लग्न होऊन आली तशी भांड्याला हात लावत नाही. साबण लागला की पुरळ उठतं म्हणते, म्हणून या वयात मी घासते. पण ती खोटारडी नाही. परवा चौकशी आहे, तिला खोटारडी ठरवून कामावरून काढणार आहेत."

"ती खोटं बोलत नाही, हे कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात तिने मला तोंडावर सांगितलं, की तुमच्या हातचा चहा मला आवडत नाही. नव्या नवरीला एवढं खोटं बोलता आलं नाही. ती प्रयोगात खोटे रंग काय भरणार?"

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. इतका सरळ पुरावा विमा कंपनीत त्यांच्यासमोर कधी आला नव्हता. त्यांनी प्रकरण हाती घेतलं.

सून गाठींच्या रोगावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. चौकशीला एक माणूस सोबत आणायची तिला मुभा होती, त्या नात्याने वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचल्या. मागून भाऊजी, हातात कागद आणि पेन्सिल.

लांबट खोली, भिंतीलगत उंच टेबलं, मधोमध एक मोठं सामायिक फडताळ. सून खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. टेबल रिकामं होतं. तिच्या मनगटांपर्यंत मलम फासलेलं होतं आणि त्याखाली कातडी लालभडक झाली होती.

"हे कधीचं?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या प्रमुख सरांसमोर प्रयोग पुन्हा करायचा होता, त्या पडताळणीच्या दिवशी संध्याकाळी उठलं. काळजीने असेल."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. गाठीच्या पेशींवर एक खूण असते. निरोगी पेशींवर ती नसते. या प्रयोगशाळेने असं प्रतिपिंड तयार केलं होतं, जे शंभर पेशींतून नेमकी ती खूण हुडकून तिला चिकटतं. पत्ता अचूक सापडला होता, पण त्या पत्त्यावर राहतं कोण, हे कळायला हवं होतं. खूण प्रथिनाची, की साखरेची, की चरबीची? त्यावर औषध कसं करायचं ते ठरणार.

"सगळे प्रथिन म्हणतात," सून म्हणाली. "उपप्रमुख मॅडमनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी सिद्ध केलं. तेव्हापासून ते प्रथिन वेगळं काढायचा प्रयत्न चाललाय. हाताशी आलं असं वाटतं आणि निसटतं. मी म्हटलं, नसेलच प्रथिन तर? पेशींतली चरबी क्लोरोफॉर्मने काढून घेतली आणि तिच्यावर प्रतिपिंड घातलं. झकास रंग आला. मग साखर मोडणारं रसायन आधी वापरून पाहिलं, तर रंग गेला. म्हणजे खूण साखरेची आहे, आणि ती साखर चरबीच्या डोक्यावर बसलेली आहे."

"प्रयोग कसा करतात? मास्तरांना सांग, ते लिहून घेतील."

सुनेने सांगितलं, भाऊजींनी टिपलं. छोट्या छोट्या खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. खळग्याच्या तळाशी चरबी सुकवायची. धुवायचं. प्रतिपिंड घालायचं. धुवायचं. रंग आणणारं द्रव्य घालायचं. खूण असेल तर खळगा निळा होतो. भाऊजींनी चार ओळींत हे उरकलं. धुण्याधुण्याचं काय लिहायचं, म्हणून ते गाळलं.

"आणि पडताळणीत?"

सुनेचा आवाज खाली गेला. "सर स्वतः माझ्या मागे उभे होते. माझ्या बाटल्या बाजूला काढल्या होत्या, सगळं सामायिक फडताळावरचं घ्यायचं होतं. प्रतिपिंड तेच, चरबी तीच, हात माझेच. एकही खळगा निळा झाला नाही."

"तुझ्या बाटल्यांत वेगळं काय होतं?"

"काहीच नाही. प्रतिपिंड आणि रंग मी फडताळावरूनच घेते. बाकी काय, साधं मीठ-पाणी."

भाऊजींना पोरीची दया आली, पण मनात पाल चुकचुकली. एकटी असताना रंग येतो आणि पहारा असला की येत नाही, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. त्यांच्या वर्गातही अशी मुलं असत, घरच्या अभ्यासात पहिली आणि परीक्षेत नापास.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, तेही हेच म्हणाले. उंच, वाकलेला, निवृत्तीला आलेला माणूस. त्यांनी प्लेट जपून ठेवली होती. ती त्यांनी उजेडात धरली. सगळे खळगे कोरे होते, फक्त कोपऱ्यातले दोन निळे.

"हे दोन कशाचे?" वहिनींनी विचारलं.

"ते आमचे साक्षीदार. त्यांत ओळखीचं एक प्रथिन असतं, आणि त्याला चिकटणारं त्याचं प्रतिपिंड. ते निळे झाले म्हणजे द्रव्यं ठीक आहेत, धुणं ठीक आहे, प्लेट ठीक आहे. दर प्रयोगात ते रंगतात. त्या दिवशीही रंगले. मग दोष कशाला द्यायचा?"

अटी कुणी ठरवल्या, असं वहिनींनी विचारलं. मॅडमनी, ते म्हणाले. मॅडम फार बारकाईने काम करतात. मुलीवर उगाच आळ नको म्हणून तिच्या टेबलावरची प्रत्येक बाटली त्यांनी उचलायला लावली, अगदी धुण्याच्या मीठ-पाण्यापर्यंत.

"ती मला मुलीसारखी आहे," सर म्हणाले. "पण या खोलीत मुलगी, भाची कुणी नसतं. रंग आला की आला, नाही की नाही." हे बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

मॅडमचं टेबल इतकं नीटनेटकं होतं, की भाऊजींनी कोपर टेकवायचंही टाळलं. सुनेला या प्रयोगशाळेत त्यांनीच आणलं होतं, काम हाताला धरून शिकवलं होतं. सर निवृत्त झाले की खुर्ची त्यांच्याकडे येणार, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. लपवायचं काही नाही, असा सूर होता.

"तुम्ही प्रथिन कसं ओळखलंत?" वहिनींनी विचारलं.

"सोपं होतं. अख्ख्या जिवंत पेशी खळग्याच्या तळाशी रुजवल्या. त्यांच्यावर प्रतिपिंड घातलं, निळा रंग आला. दुसऱ्या प्लेटमध्ये आधी प्रथिन कापणारं द्रव्य घातलं, मग प्रतिपिंड. रंग आला नाही. प्रथिन कापलं गेलं आणि खूण गेली."

"पेशी तशाच होत्या ना तळाशी?"

"तिथेच असणार. कुठे जातील?" मॅडम हसल्या.

एवढ्यात भाऊजींनी नको ते केलं. टेबलावरची एक रिकामी काचेची कुपी कुतूहलाने उचलली आणि तिच्यात अंगठा घातला. मग ओशाळून ते कुपी घेऊन बेसिनकडे वळले आणि साबणाच्या बाटलीला हात घालणार, तोच मॅडमनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"साबण नको हं तिला. ती चरबीच्या कामाची काच आहे. ती आम्ही नुसत्या स्पिरिटने धुतो."

भाऊजींनी माफी मागितली. वहिनींनी त्यांच्यावर नेहमीप्रमाणे डोळे वटारले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते जरा घाबरले.

शेवटी दोघं पेशींच्या खोलीत गेले. तिथल्या तंत्रज्ञाला सगळे माळी म्हणत, कारण दिवसभर तो पेशींना खाऊपिऊ घालत असे. बोलघेवडा माणूस. गाठीच्या पेशी किती हावरट असतात, जागा मिळेल तशा कशा पसरतात, हे तो बिऱ्हाडकरूंच्या तक्रारी सांगाव्यात तसा सांगत होता.

"आता बाटली भरलीय, यांना दुसऱ्या घरी हलवायचं," तो म्हणाला. "तळाला अशा घट्ट बसतात, की हलवून हलत नाहीत. मग हे घालायचं." त्याने बाटलीत थोडं द्रव्य ओतलं, थोडा वेळ ऊबेत ठेवलं आणि बाटलीवर हलकी टिचकी मारली. तळावरचा धुरकट थर सायीसारखा सुटून तरंगू लागला.

"काय आहे ते?"

"प्रथिन कापणारं द्रव्य. पेशींनी तळाशी जे पाय रोवलेले असतात ना, ते प्रथिनाचे असतात. पाय कापले की सुटल्या. मॅडमचा तो गाजलेला प्रयोग याच कुपीतून झाला."

कोपऱ्यात नळ लावलेला एक मोठा डबा होता. तो कशाचा, असं भाऊजींनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. धुण्याच्या पाण्याचा, माळी म्हणाला. मीठ, पाणी आणि किंचित साबण. साबण नसेल तर नको तिथे रंग चढतो, म्हणून जुनी रीत आहे. रोज तोच डबा भरून फडताळापाशी ठेवतो.

संध्याकाळी घरी वहिनी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. भाऊजी बेसिनशी उभे राहून लोण्याने माखलेला तवा घासत होते आणि आपलं मत मांडत होते. पोरगी गुणी आहे, पण मोहात पडली असणार. सासू भाबडी आहे. उद्या चौकशीत आपली शोभा होणार.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तो तवा साबण न लावता धुऊन दाखवा."

"निघणार नाही."

"दाखवा तर."

भाऊजींनी धार सोडली. लोणी पांढुरक्या पट्ट्यांनी तसंच राहिलं. मग वहिनींनी उठून साबणाचा एक थेंब टाकला आणि लोणी घसरून गेलं. वहिनी तव्याकडे पाहत राहिल्या.

"उद्या सर स्वतः प्रयोग करतील," त्या म्हणाल्या. "त्यांना मी आत्ताच फोन करते. आणि तुम्ही लिहून घेतलेलं ते टिपण आणा. तुम्ही त्यात काय गाळलंय ते मला तुम्हाला दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या आधी सगळे लांब खोलीत जमले. सून, मॅडम, माळी. सासूबाईंना आत येऊ देत नव्हते, त्या फाटकाशी थांबल्या होत्या. सरांनी वहिनींच्या सांगण्यावरून सकाळपासून दोन प्लेटी तयार केल्या होत्या आणि तिसरी एक झाकून बाजूला ठेवली होती. चरबी त्यांनीच सुकवली होती, प्रतिपिंड त्यांनीच घातलं होतं. सुनेने कशालाही बोट लावलं नव्हतं. दोन्ही प्लेटींत साक्षीदार खळगे होते आणि काही मुद्दाम रिकामे ठेवलेले.

"फरक एकच," वहिनी म्हणाल्या. "डावी प्लेट सरांनी डब्यातल्या पाण्याने धुतली, उजवी साध्या मीठ-पाण्याने. आता रंग घाला."

सरांनी रंग घातला.  दोन्हींतले साक्षीदार निळे झाले. डाव्या प्लेटचे बाकीचे खळगे कोरेच राहिले. उजव्या प्लेटच्या रिकाम्या खळग्यांत फिकट छटा आली, पण चरबीचे खळगे हळूहळू गडद निळे होत गेले, ओळीने, शेवटपर्यंत.

सर खुर्चीवर बसले.

"चरबीला पाणी धुऊ शकत नाही," वहिनी म्हणाल्या. "साबण धुतो. आमच्या घरच्या तव्यालाही हे माहीत आहे. डब्यात साबण आहे. पडताळणीत खूण खळग्यातून धुऊनच गेली होती, मग प्रतिपिंड चिकटणार कशाला? साक्षीदार रंगले, कारण ते प्रथिनाचे. प्रथिन प्लास्टिकला घट्ट धरून बसतं, थोड्या साबणाने हलत नाही. साक्षीदार खोटं बोलले नाहीत. त्यांना चरबीबद्दल काही विचारलंच नव्हतं."

"पण ही मीठ-पाणी का वापरत होती?" सरांनी विचारलं.

"तिचे हात बघा. साबणाने तिला पुरळ उठतं, घरी भांडी सासू घासते. इथे प्लेट झटकताना पाणी हातमोज्यात शिरतं, म्हणून तिने आपलं साधं पाणी ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण धुण्याला कुणी प्रयोग समजतच नाही. आमच्या मास्तरांनीही टिपणातून धुणं गाळलं. पडताळणीच्या दिवशी तिला डब्यातलं पाणी घ्यावं लागलं आणि त्याच संध्याकाळी हातांवर पुरळ उठलं. तिला वाटलं, काळजीने असेल."

सून आपल्या हातांकडे बघत होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"मग मॅडमचा प्रयोग?" माळी म्हणाला. "तोही सगळ्यांसमोर झाला होता."

"तुम्हीच काल त्याचं उत्तर दिलंत. सर, मी सांगितलेली तिसरी प्लेट?"

सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्यात अख्ख्या पेशी रुजवून त्यांवर प्रथिन कापणारं द्रव्य घातलं होतं आणि मग धुतलं होतं. त्यांनी डोळा लावला. एक खळगा पाहिला, दुसरा पाहिला.

"पेशी नाहीत," ते हळूच म्हणाले. "तळ मोकळा आहे."

"द्रव्याने खूण कापली नाही," वहिनी म्हणाल्या. "पेशींचे पाय कापले. पेशी धुण्यात वाहून गेल्या आणि खूण त्यांच्याबरोबर गेली. घरच रिकामं झालं, आणि आपण म्हटलं की दारावरची पाटी पुसली."

इथवर भाऊजींना वाटलं, झालं, संपलं. दोन साध्या चुका, कुणाचा दोष नाही. त्यांनी कागद घडी करायला घेतला. वहिनींनी नुसता हात वर केला.

"जुन्या प्रयोगातली चूक प्रामाणिक होती. पडताळणीतली ही चूक नव्हतीच. मॅडम, चरबीच्या काचेला साबण लागू द्यायचा नाही हे तुमच्या हातांना इतकं ठाऊक आहे, की काल तुम्ही विचार न करता कुपी काढून घेतलीत. या खोलीत धुण्याकडे कुणी बघत नाही. फक्त तुम्ही तिच्या टेबलावरची मीठ-पाण्याची बाटली वेगळी उचलायला लावलीत. बाकी सगळं फडताळावरचंच होतं, ते काढून काय फरक पडणार होता? एवढी एकच बाटली तिला वाचवत होती."

मॅडमचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला.

"तिने पहिल्यांदा मला निळी प्लेट दाखवली," त्या म्हणाल्या, "त्या दुपारी मी एकटीने जुना प्रयोग पुन्हा केला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तेव्हा कळलं. एवढी वर्षं सगळ्यांना मी नसलेल्या वस्तूच्या मागे पळवलं होतं. मला वाटलं, सर जाईपर्यंत थांबू. मग खुर्चीवर बसून मीच शांतपणे दुरुस्त करीन. तोपर्यंत ती जरा गप्प बसली असती तर."

"ती गप्प बसत नाही," वहिनी म्हणाल्या. "तिच्या सासूला विचारा."

मॅडम सुनेकडे वळल्या. "तुझं खरं होतं. मला माहीत होतं आणि मी तुला खोटी ठरवू दिलं."

 सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही, कारण हाताला मलम होतं. "तुम्हीच मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघायला शिकवलं होतंत," एवढंच ती म्हणाली. भाऊजींना ते ऐकवेना. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

सरांनी दोन्ही प्लेटी उचलल्या. चौकशीला जायचं आहे, ते म्हणाले, पण आता विषय दुसरा आहे, आणि त्यात त्यांचंही नाव येईल, कारण त्यांनीही कधी डोळा लावला नव्हता. त्यांनी सुनेला पुढे चालायला सांगितलं. मॅडम मागून गेल्या, कुणी न सांगता.

दुपारी सून फाटकाबाहेर आली, तेव्हा सासूबाई अजून उभ्याच होत्या. वहिनी आणि भाऊजी थोडं अंतर ठेवून थांबले.

"सुटलीस?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने मान हलवली. सासूबाईंनी पिशवीतून मलमाची नळी काढली आणि तिचे हात ओढून घेतले. भर रस्त्यात एकेक बोट धरून त्या मलम लावत राहिल्या. 

"घरी चला," सून शेवटी म्हणाली. "तुमच्या हातचा चहा करा मला."

"तुला आवडत नाही तो."

"नाहीच आवडत," सून म्हणाली. "तरी करा."